घाई नको, डोके हवे! : जुन्या-नव्या ‘ॲडव्हेंचर गेम्स’ची निवडक ओळख

संगणकावरचे खेळ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बंदुकीच्या फैरी, भरधाव मोटारी आणि बटणांवर नाचणारी बोटे येतात. परंतु याच दुनियेत एक प्रकार असाही आहे, की ज्यात बोटांच्या चपळाईला फारशी किंमत नसते. खेळणारा अर्धा तास नुसता पडद्याकडे पाहत बसला, मध्येच उठून चहा करून आला, तरी त्याचे काही बिघडत नाही. समोर एक बंद दार असते, खिशात चार चमत्कारिक वस्तू असतात आणि वाटेत भेटलेली माणसे काहीबाही सांगून गेलेली असतात. एवढ्या सामग्रीवर ते दार कसे उघडायचे, हा प्रश्न. तो सुटला की गोष्ट एक पाऊल पुढे सरकते. रहस्यकथा वाचण्याचा आणि शब्दकोडे सोडवण्याचा आनंद एकत्र देणाऱ्या या प्रकाराला ‘ॲडव्हेंचर गेम’ असे नाव आहे.

हे नाव थोडे फसवे आहे. ‘ॲक्शन-ॲडव्हेंचर’ असा शिक्का असलेले असंख्य खेळ बाजारात आहेत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा देखणा खेळ त्याच जातीचा. मात्र त्यात लढाईचे कौशल्य लागते. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो लढाईवाचून, केवळ निरीक्षण आणि तर्क यांच्या बळावर पुढे जाणाऱ्या खेळांचा.

या प्रकाराकडे नव्याने वळणाऱ्याची पहिली निवड चुकली, तर तो पुन्हा सहसा फिरकत नाही. म्हणून खेळ निवडण्याची एक साधी कसोटी आधी सांगायला हवी. अडलेल्या कोड्याचे उत्तर कळल्यावर ‘अरे, हे मला सुचायला हवे होते!’ असे वाटले, तर ते कोडे न्याय्य. ‘हे कोणाच्या बापाला सुचणार होते?’ असे वाटले, तर ते अन्यायी. ॲडव्हेंचर गेम्सचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बव्हंशी या दोन उद्गारांमधल्या रस्सीखेचीचा आहे. पुढील शिफारशी याच कसोटीवर केल्या आहेत.

गुहेतून झालेला प्रारंभ

या परंपरेचा मूळ पुरुष म्हणजे विल क्राउदर. अमेरिकेतील ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीत तो प्रोग्रॅमर होता. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या ‘अर्पानेट’च्या उभारणीत त्याचा वाटा होता. त्याला नाद होता तो गुहा धुंडाळण्याचा. केंटकी राज्यातील ‘मॅमथ केव्ह’ या अवाढव्य गुहासमूहाच्या नकाशांवर त्याने काम केले होते. घटस्फोटानंतर दुरावलेल्या आपल्या लहान मुलींना गंमत वाटावी म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने त्या गुहेची सफर घडवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात चित्र एकही नव्हते. ‘तुम्ही अमुक जागी उभे आहात’ असे वर्णन पडद्यावर येई आणि खेळणारा एक-दोन शब्दांत आज्ञा टंकित करी. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स याने त्यात भर घातली आणि ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ विद्यापीठांतल्या संगणकांवर वाऱ्यासारखा पसरला. या संपूर्ण प्रकाराला नाव मिळाले ते या एका खेळावरून.

त्याच सुमारास ‘एमआयटी’ या संस्थेतील तरुणांनी ‘झॉर्क’ रचला आणि पुढे ‘इन्फोकॉम’ ही कंपनी काढली. १९८० मध्ये रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने ‘मिस्टरी हाउस’मध्ये शब्दांच्या जोडीला रेघांची चित्रे आणली. १९८४ मध्ये त्यांच्या ‘सिएरा’ कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये नायक पडद्यावर प्रत्यक्ष चालू-फिरू लागला. विशेष म्हणजे ज्या ‘कोलोसल केव्ह’मुळे आपण या क्षेत्रात आलो, त्याच खेळाची त्रिमितीय आवृत्ती रॉबर्टा विल्यम्स यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली.

उंदीर, मांजर आणि जुना बूट

सिएराच्या खेळांनी या प्रकाराला लोकप्रियता दिली. अन्यायी कोड्यांची प्रथाही तिथेच रुजली. १९९० च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’मधले उदाहरण पाहण्याजोगे आहे. गावातल्या बेकरीपाशी एक मांजर उंदराच्या मागे लागते. त्या काही क्षणांत जुना बूट फेकून मांजराला हुसकावले नाही, तर त्या वेळी काहीच घडत नाही. बऱ्याच वेळाने नायकाला दोरीने बांधून कोंडले जाते. दोरी कुरतडायला तोच उंदीर यावा लागतो आणि तो तर कधीच मेलेला असतो. आपण तासापूर्वीच हरलो होतो, हे खेळाडूला सांगायची तसदी खेळ घेत नाही.

या अंधारकोठड्यांना विरोध केला तो रॉन गिल्बर्ट याने. चित्रपट-दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या कंपनीच्या ‘लुकासफिल्म गेम्स’ या विभागात तो काम करीत असे. १९८७ च्या ‘मॅनिॲक मॅन्शन’साठी त्याने व सहकाऱ्यांनी ‘स्कम’ नावाची यंत्रणा उभारली. तीत आज्ञा टंकित करण्याऐवजी पडद्यावरच्या क्रियापदांवर माउसने क्लिक करायचे असे. १९८९ मध्ये त्याने एक टिपण लिहून आपले नियम मांडले. नकळत केलेल्या चुकीमुळे खेळ कायमचा अडू नये, मरून-मरून शिकायला लावू नये आणि कोड्याचा गोष्टीशी संबंध असावा, हा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी त्याने हे नियम प्रत्यक्षात उतरवून दाखवले.

जुन्यांतले अवश्य खेळावेत असे

द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड (१९९०) : समुद्री चाचा होण्याची हौस असलेल्या गायब्रश थ्रीपवुड या भोळ्या तरुणाची ही विनोदी कथा. रॉन गिल्बर्टला टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांची साथ होती. यातली तलवारबाजी तलवारीने नव्हे, टोमण्यांनी जिंकायची असते. वाटेत भेटणाऱ्या चाच्यांकडून एकेक टोमणा आणि त्याचे प्रत्युत्तर शिकत जायचे. अखेरीस तलवारबाजीतल्या निष्णात महिलेशी सामना होतो, तेव्हा तिचे टोमणे सर्वस्वी निराळे असतात. उत्तरे मात्र आपल्याला ठाऊक असलेलीच लागू पडतात. कोणते कुठे, हे ओळखायचे. आधी शिकवायचे आणि मग परीक्षा घ्यायची, या न्याय्य कोड्याच्या तत्त्वाचा हा नमुनाच म्हणावा लागेल. नायक मरतो तो एकाच ठिकाणी, आणि तेही त्याला दहा मिनिटे पाण्याखाली नुसते उभे ठेवले तर! नव्या चित्रांची आवृत्ती २००९ मध्ये निघाली.

इंडियाना जोन्स अँड द फेट ऑफ अटलांटिस (१९९२) : हे कथानक कोणत्याही चित्रपटावरून घेतलेले नाही. मध्यंतरी खेळाडूला तीन वाटा मिळतात : सोबतीण घेऊन जाणे, एकट्याने बुद्धीवर भिस्त ठेवणे किंवा ठोसे लगावणे. त्यामुळे हा खेळ पुन्हा खेळतानाही शिळा वाटत नाही.

डे ऑफ द टेन्टकल (१९९३) : तीन मित्र तीन काळांत अडकतात. एक वर्तमानात, एक दोनशे वर्षे मागे, एक दोनशे वर्षे पुढे. भूतकाळात केलेला बदल भविष्यात फळतो. कोडी अवघड आहेत, पण त्यांचा तर्क घट्ट आहे. अमेरिकी इतिहासातल्या दंतकथांवर बरेच विनोद आहेत. जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचे झाड तोडल्याची गोष्ट आठवत असेल, तर एक कोडे चटकन सुटेल. नवी आवृत्ती २०१६ ची.

मिस्ट (१९९३) : रँड आणि रॉबिन मिलर या बंधूंची ही निर्मिती. निर्मनुष्य बेट, विचित्र यंत्रे, ग्रंथालय आणि पुस्तकांत कैद झालेले दोन भाऊ. खिशात वस्तूंचा साठा नाही, कोणाशी लांबलचक संवाद नाहीत. फक्त पाहायचे, ऐकायचे आणि वहीत टिपून ठेवायचे. सीडी-रॉमच्या प्रसाराला हातभार लावणाऱ्या या खेळाच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ पर्यंत हा सर्वाधिक खपाचा संगणक-खेळ मानला जाई. विनोद आणि गप्पा आवडणाऱ्यांना तो रुक्ष वाटेल. यंत्रांची उकल करणे आवडणाऱ्यांनी याचा पुढचा भाग ‘रिव्हन’ही (१९९७, नवी आवृत्ती २०२४) सोडू नये.

ब्रोकन स्वोर्ड : द शॅडो ऑफ द टेम्प्लर्स (१९९६) : पॅरिसच्या एका कॅफेत विदूषकाच्या वेषातला इसम स्फोट घडवतो आणि जॉर्ज स्टॉबर्ट हा अमेरिकी पर्यटक मध्ययुगीन टेम्प्लर योद्ध्यांच्या रहस्यात ओढला जातो. ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी येण्याआधी सात वर्षे रचलेली ही कथा त्या कादंबरीच्या वाचकांना रुचेल. आयर्लंडमधला शेळीचा प्रसंग मात्र कुप्रसिद्ध आहे. संथ चालणारा खेळ तिथे अचानक चपळाईची मागणी करतो. तेवढ्या ठिकाणी मदत घेण्यात कमीपणा नाही. चित्रे नव्याने रंगवलेली आवृत्ती २०२४ मध्ये आली आहे.

ग्रिम फँडँगो (१९९८) : टिम शेफरची ही कलाकृती. मेक्सिकोतील मृतांच्या सणाच्या लोककल्पना आणि जुन्या कृष्णधवल गुन्हेपटांचे वातावरण यांचा अजोड मिलाफ तिच्यात आहे. मृतात्म्यांना पुढच्या प्रवासाची तिकिटे विकणारा मॅनी कालावेरा हा सांगाड्याच्या रूपातला कारकून तिचा नायक. काही कोडी आपल्या कसोटीवर उतरत नाहीत, हे मान्य करावे लागते. मात्र संवाद आणि संगीत यांसाठी त्याकडे कानाडोळा करावा. २०१५ च्या आवृत्तीत माउसची सोय झाली आहे.

सायबेरिया (२००२) : बेल्जियमचे चित्रकथाकार बेन्वा सोकाल (निधन २०२१) यांनी रेखाटलेली हुरहूर लावणारी कथा. केट वॉकर ही न्यूयॉर्कची वकील आल्प्समधल्या एका गावी कळसूत्री बाहुल्यांचा कारखाना खरेदी करण्याचे कागद पुरे करायला येते. मालकीणबाई नुकत्याच वारलेल्या असतात आणि त्यांचा वारस हरवलेला असतो. चावीच्या आगगाडीतून त्याचा शोध सुरू होतो. मोबाइलवर वाग्दत्त वर, आई, साहेब यांचे फोन येत राहतात आणि केटचे जुने आयुष्य हळूहळू गळून पडते. कोडी सोपी आहेत. नवशिक्यांसाठी म्हणूनच हा उत्तम खेळ.

मांजराच्या केसांची मिशी

१९९० च्या दशकाच्या अखेरीस या प्रकाराला ओहोटी लागली. त्रिमितीय चित्रांचे धडाकेबाज खेळ आले, हे एक कारण. दुसरे कारण घरचेच होते. १९९९ च्या ‘गॅब्रिएल नाइट ३’मध्ये नायकाला दुसऱ्याच्या नावावर मोटारसायकल भाड्याने घ्यायची असते. त्यासाठी मांजराचे केस चिकटपट्टीवर धरून, साखरपाकाने ते ओठांवर चिकटवून मिशी करायची. गंमत अशी, की ज्याचे सोंग घ्यायचे त्याला मिशीच नसते! म्हणून त्याच्या पारपत्रावरील छायाचित्रातही मिशी काढायची. एरवी ही मालिका, विशेषतः न्यू ऑर्लिन्समध्ये घडणारा तिचा पहिला भाग (१९९३), अत्यंत वाचनीय, नव्हे, खेळण्याजोगी आहे. परंतु ‘हे कोणाला सुचणार?’ या उद्गाराचे प्रतीक म्हणून आजही लोक त्या मिशीकडेच बोट दाखवतात.

प्रवाह अर्थात आटला नाही. नॉर्वेच्या ‘द लाँगेस्ट जर्नी’ने (१९९९) एप्रिल रायन या चित्रकलेच्या विद्यार्थिनीला विज्ञान आणि जादू अशा दोन विश्वांत फिरवले. हौशी मंडळी ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ या मोफत साधनाने स्वतःचे खेळ रचत राहिली. २०१२ मध्ये टिम शेफरच्या कंपनीने नव्या ॲडव्हेंचर गेमसाठी लोकांकडे चार लाख डॉलर मागितले. ८७ हजारांहून अधिक लोकांनी मिळून तेहतीस लाखांवर रक्कम दिली. चाहते कुठेही गेलेले नव्हते, हेच त्यातून दिसले.

नव्यांतले निवडक

मशिनेरियम (२००९) : चेक प्रजासत्ताकातील ‘अमानिता डिझाइन’चा हा खेळ म्हणजे गंजलेल्या यंत्रनगरीतल्या एका चिमुकल्या रोबोची गोष्ट. संपूर्ण खेळात संवादाचा एक शब्द नाही. पात्रे चित्रमय फुग्यांतून बोलतात. लहान मुलांना शेजारी बसवून खेळण्यास याहून चांगला पर्याय नाही.

८० डेज (२०१४) : ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवर बेतलेला, मुख्यतः मजकुराचा खेळ. यात आपण फिलिअस फॉग नसून त्याचा नोकर पासपार्तू असतो. मार्ग आपण ठरवायचा. भा. रा. भागवत यांच्या लेखणीतून व्हर्नची ओळख झालेल्या मराठी वाचकाला जुना मित्र नव्या वेषात भेटल्याचा आनंद मिळेल. यात कोड्यांपेक्षा निर्णय अधिक आहेत आणि दिवस मोजलेले आहेत, हे लक्षात असू द्यावे.

थिंबलवीड पार्क (२०१७) : रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी ‘मॅनिॲक मॅन्शन’च्या शैलीत रचलेले रहस्य. सोपी आणि अवघड अशा दोन पातळ्या असल्याने जुन्या वळणाचा सराव करायला सोयीचा.

अनअव्हाउड (२०१८) : डेव्ह गिल्बर्ट यांच्या ‘वॅजेट आय’ची भुताखेतांच्या न्यूयॉर्कमधली कथा. चार सोबत्यांपैकी दोघांना दर मोहिमेवर न्यायचे असते आणि कोणाला नेले त्यावर कोड्याचे उत्तर बदलते. त्यामुळे अडून बसण्याची वेळ क्वचितच येते.

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (२०१८) : लुकास पोप यांची ही निर्मिती गेल्या काही वर्षांतील सर्वोत्तम खेळांपैकी एक आहे. बेपत्ता झालेले एक व्यापारी गलबत १८०७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याला लागते. त्यावर जिवंत कोणी नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-निरीक्षक म्हणून आपण जहाजावरच्या साठ जणांचे काय झाले, ते नोंदवायचे. जवळ एक जादूचे घड्याळ असते. ते मृताच्या शेवटच्या क्षणाचे स्थिर दृश्य दाखवते. बोलण्याची ढब, पेहराव, झोपण्याच्या झोळीवरचा क्रमांक यांवरून माणूस ओळखायचा. खलाशांत भारतीयही आहेत. तीन जणांची नोंद अचूक झाली की मगच खेळ होकार देतो. त्यामुळे नुसती ठोकाठोक चालत नाही. दृश्ये कृष्णधवल असली तरी हिंसक आहेत. लहान मुलांना दूर ठेवावे.

आउटर वाइल्ड्स (२०१९) : एक छोटी सूर्यमाला आणि बावीस मिनिटांनी पुन्हा मागे फिरणारा काळ. दर फेरीत सारे काही पूर्ववत होते. उरते ते फक्त आपल्याला झालेले ज्ञान. किल्ली, कुलूप, वस्तू यांपैकी काहीही न वापरता केवळ समजुतीने दारे उघडणारा असा खेळ विरळाच. यान चालवण्यास थोडा हात बसावा लागतो.

द केस ऑफ द गोल्डन आयडॉल (२०२२) : लॅटव्हियाच्या दोघा भावांनी रचलेला. अठराव्या शतकातील मृत्यूचे एकेक दृश्य समोर येते. त्यातून शब्द गोळा करायचे आणि अहवालातल्या गाळलेल्या जागा भरायच्या. पुढचा भाग २०२४ मध्ये आला आहे.

भाषेची अडचण

बहुतेक खेळ इंग्रजीत आहेत आणि शब्दश्लेषावर आधारलेली कोडी परभाषकाला हमखास अडवतात. ‘मंकी आयलंड २’मध्ये (१९९१) धबधब्याचे पाणी बंद करायला पाना लागतो आणि तो पाना म्हणजे चक्क संमोहित करून ताठ झालेले माकड! अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात, हे ठाऊक नसलेल्याने हे कसे ओळखावे? अशा ठिकाणी अडल्यास आपली बुद्धी कमी पडली असे मानून खट्टू होऊ नये. खेळताना संवादांची अक्षरे पडद्यावर दिसतील अशी योजना करावी. बोली उच्चार त्यामुळे अडत नाहीत.

मिळवावे कसे आणि अडल्यास काय?

जुने खेळ आजच्या संगणकावर चालावेत म्हणून स्वयंसेवकांनी २००१ पासून ‘स्कम व्हीएम’ हा मोफत प्रोग्रॅम विकसित केला आहे. मूळ खेळाच्या फाइली मात्र आपल्यापाशी असाव्या लागतात. ‘गॉग’ आणि ‘स्टीम’ या संकेतस्थळांवर बरेच खेळ रीतसर विकत मिळतात. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ (१९९४) हा ब्रिटिश विज्ञानपट-शैलीचा खेळ निर्मात्यांनी २००३ पासून मोफत उपलब्ध केला आहे. त्यामुळे पदरचा पैसा न मोडताही चव घेता येते.

अडल्यावर थेट उत्तर पाहण्याचा मोह टाळणे, हे यातले खरे पथ्य आहे. एकदा उत्तर वाचायची सवय लागली, की खेळ उरत नाही, नुसती आज्ञापालनाची यादी उरते. इन्फोकॉमने १९८० च्या दशकात यावर नामी तोड काढली होती. त्यांच्या ‘इनव्हिजिक्लूज’ पुस्तिकांत सूचना अदृश्य शाईत छापलेल्या असत आणि खास पेनाने घासून एकेक ओळ उघडावी लागे. आधी पुसट इशारा, मग ठळक, शेवटी उत्तर. आज ‘युनिव्हर्सल हिंट सिस्टिम’ हे संकेतस्थळ हेच काम करते. ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्ये (२०२२) तर सूचनांची वही खेळातच दिली आहे. एक रात्र कोडे डोक्यात मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी एकच इशारा घ्यावा, हा क्रम बरा.

सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारलेच, तर क्रम असा सुचवावासा वाटतो : प्रथम ‘मशिनेरियम’ किंवा ‘सायबेरिया’, मग ‘मंकी आयलंड’, त्यानंतर ‘ब्रोकन स्वोर्ड’ आणि हात बसल्यावर ‘डे ऑफ द टेन्टकल’. ‘मिस्ट’ आणि ‘ओब्रा डिन’ यांसाठी वही-पेन्सिल आणि जोडीदार घेऊन बसावे. एका पडद्यापुढे दोघे-तिघे वाद घालत बसले, तर एकाला न दिसलेला धागा दुसऱ्याला दिसतो. ‘किंग्ज क्वेस्ट ५’ मात्र अखेरीस ठेवावा. तोवर जुना बूट दिसला की तो उचलून ठेवण्याची सवय लागलेली असेल.